कर्ज फिटल्यावर भाडं कुठे जातं?

प्रश्न थोडक्यात असा: व्हिएन्ना आणि सिंगापूर इथे सरकारी घरं नीट चालतात, अमेरिकेत त्याच कल्पनेची पार शोभा झाली, इंग्लंडने होती ती घरं विकून टाकली. मग कुठल्या देशाची पद्धत सर्वांत चांगली, आणि दुसऱ्या देशाने उचलायचीच झाली तर त्यातलं काय उचलावं?

‘सर्वांत चांगली’ ह्या शब्दांत अडकू नका. घर बांधणं हा ह्यातला सोपा भाग आहे. पैसा आणि जमीन हातात असली की तीनेक वर्षांत इमारत उभी राहते. खरी परीक्षा पुढच्या साठ वर्षांची असते. भाडं कोण ठरवतं, छप्पर गळायला लागल्यावर पैसे कुठून येतात, आणि बांधकामाचं कर्ज फिटल्यावरही येत राहणारं भाडं कोणाच्या खिशात जातं? कुठल्याही देशाची पद्धत तपासताना मी ह्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर सापडलं की बाकीचं बरंचसं उलगडत जातं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू, कारण निम्म्या तुलना तिथेच चुकतात. व्हिएन्नात महापालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार भाड्याची घरं आहेत. शिवाय मर्यादित नफ्याच्या संस्थांची जवळपास तितकीच आहेत, आणि ती ‘सरकारी’ नाहीत. सिंगापूरमध्ये चारातले तीनहून जास्त रहिवासी हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्डाच्या, म्हणजे एचडीबीच्या घरांत राहतात, पण त्यांतले बहुतेक भाडेकरू नाहीत. त्यांनी ९९ वर्षांचा भाडेपट्टा विकत घेतलेला असतो. जर्मनीत ‘सामाजिक’ हे विशेषण घराला लागत नाही, कर्जाला लागतं. खासगी मालकही सवलतीचं कर्ज घेतो, ठरावीक वर्षं मर्यादित भाडं आकारतो आणि मुदत संपली की ते घर साध्या बाजारात येतं. अमेरिकेत सार्वजनिक घर म्हणजे फक्त अगदी गरिबांसाठीचं घर. ह्या चौघांचे आकडे एकाच तक्त्यात ‘सामाजिक घरांचं प्रमाण’ म्हणून मांडले की तक्ता देखणा होतो, कळत मात्र काही नाही.

आता पैशाचा हिशेब. देश कोणताही असो, तो सारखाच आहे. एका घराचा जमिनीसकट खर्च १०० धरा. ५ टक्के व्याजाने ३० वर्षांचं कर्ज काढलं तर वर्षाचा हप्ता साधारण ६.५ येतो. व्यवस्थापन, किरकोळ दुरुस्ती आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायची रक्कम मिळून आणखी १.७ धरा. म्हणजे भाडं ८.२ झालं. व्याज २ टक्के आणि मुदत ४० वर्षं केली तर हप्ता ३.७ वर येतो, भाडं ५.४. भिंती त्याच, वीटही तीच, आणि भाडं मात्र एक तृतीयांशाने उतरलं. हाच परिणाम नुसत्या रोख अनुदानाने साधायचा तर एकूण खर्चाच्या सुमारे ४४ टक्के रक्कम सरकारला पहिल्याच दिवशी मोजावी लागेल. म्हणून जे देश पिढ्यान्‌पिढ्या बांधत राहिले, ते स्वस्त आणि लांब मुदतीच्या कर्जाची सोय करून बसले आहेत; अनुदान ते तोंडी लावण्यापुरतं वापरतात.

जमिनीचा वाटा १०० पैकी २० धरा. ती नाममात्र पट्ट्याने मिळाली तर त्या ४० वर्षांच्या कर्जाचा हप्ता ३.७ वरून २.९ होतो. गंमत अशी, की जमिनीची पूर्ण किंमत मोजून कर्जाची मुदत ६० वर्षांवर नेली तरी हप्ता २.९ च येतो. मग सगळीकडे ६० वर्षांचीच कर्जं का देत नाहीत? कारण लिफ्ट पंचवीस-तीस वर्षांत बदलावी लागते आणि नळाचे पाइप चाळिशीच्या आत काढावे लागतात. पहिलं कर्ज फिटायच्या आतच दुसरं काढायची वेळ येते. फ्रान्सने ह्यावर सरळ तोडगा काढला आहे: इमारतीसाठी साधारण ४० वर्षांचं कर्ज आणि जमिनीसाठी त्याहून बरंच लांब, ५०-६० वर्षांचं. जमीन गळत नाही!

हा स्वस्त पैसा येतो कुठून? प्रत्येक देशाने आपापला झरा शोधला आहे. फ्रान्समध्ये सामान्य लोक ‘लिव्रे आ’ नावाच्या करमुक्त बचत खात्यात पैसे ठेवतात. त्या ठेवींचा मोठा हिस्सा बँकांना ‘केस दे देपो’ ह्या सार्वजनिक वित्तसंस्थेकडे जमा करावा लागतो, आणि तिथून तो सामाजिक घरं बांधणाऱ्या संस्थांना लांब मुदतीने मिळतो. ऑस्ट्रियातल्या बहुतेक प्रांतांत पगाराच्या एक टक्का रक्कम, अर्धी कामगाराकडून आणि अर्धी मालकाकडून, घरबांधणीच्या नावाने कापली जाते. सिंगापूरमध्ये सीपीएफ ह्या सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतून १९६८ पासून घराची रक्कम आणि हप्ते भरता येतात. नेदरलँड्सने वेगळीच शक्कल लढवली. सरकार कर्ज देत नाही, फक्त त्यामागे उभं राहतं. गृहनिर्माण संस्थांनी मिळून एक हमी निधी केला आहे. एखादी संस्था बुडाली तर आधी तो निधी, मग इतर संस्था आणि सर्वांत शेवटी सरकार व नगरपालिका. ह्या हमीमुळे बँका कमी व्याज लावतात आणि सरकारी तिजोरीतून प्रत्यक्षात फारसं काही जात नाही.

अर्थात प्रत्येक झऱ्याला स्वतःचा दोष असतो. फ्रान्समधली कर्जं लिव्रे आ खात्याच्या व्याजाला बांधलेली आहेत. तो दर २०२२ च्या सुरुवातीपर्यंत अर्धा टक्का होता, २०२३ मध्ये तीन टक्क्यांवर गेला. संस्थांची जुनी कर्जंसुद्धा एका वर्षात महागली, आणि नव्या बांधकामांना कात्री लागली. डच हमीचा तोटा २०१२ साली दिसला. वेस्टिया ही नेदरलँड्समधली सर्वांत मोठी गृहनिर्माण संस्था व्याजदर पुढे चढेल की उतरेल ह्यावर केलेल्या (डेरिव्हेटिव्ह) व्यवहारांत सुमारे दोन अब्ज युरोंना बुडाली आणि तिचं ओझं इतर संस्थांच्या भाडेकरूंवर पडलं. हमी देणाऱ्याने व्यवहारांवर नजर ठेवली नाही तर हमी म्हणजे बेफिकिरीला परवाना. नंतर २०१५ च्या कायद्याने देखरेख कडक केली.

अमेरिकेचा मार्ग सर्वांत वळणाचा. १९८६ पासून तिथे मुख्यतः करसवलत विकून घरं बांधली जातात. विकसकाला दहा वर्षांची करसवलत मिळते; ती तो गुंतवणूकदारांना विकतो आणि त्या पैशातून बांधतो. वकील, लेखापाल, मध्यस्थ ह्यांचा वाटा निघाल्यावर सरकारने सोडलेल्या करातला काही भाग घरापर्यंत पोचतच नाही. वर एकाच इमारतीला पाच-सहा ठिकाणांहून पैसा जोडावा लागतो, आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या.

जमिनीच्या बाबतीत मात्र ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे उत्तर टाळता येत नाही. व्हिएन्नाची सुरुवात बघा. पहिल्या महायुद्धात भाडी गोठवली गेली, मग चलन कोसळलं, जमिनीत पैसा गुंतवण्यात खासगी माणसाला राम उरला नाही आणि पालिकेने ती स्वस्तात घेतली. १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहकर लावला. मोठ्या, महागड्या घरांवर तो जबर होता, छोट्या घरांवर नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली, तीही मुख्यतः कर्ज न काढता. म्हणून भाड्यातून फक्त देखभाल निघाली तरी पुरत होतं. १९३० साली उघडलेलं कार्ल-मार्क्स-होफ, किलोमीटरभर लांब आणि जवळपास चौदाशे घरांचं, ह्याच काळातलं. आज कुठल्याही शहराला हे जसंच्या तसं जमणार नाही. पण आजच्या व्हिएन्नाकडून एक गोष्ट घेता येते. २०१९ पासून तिथे जमिनीचा वापर बदलून निवासी केला की मोठ्या प्रकल्पांत दोन तृतीयांश क्षेत्र अनुदानित घरांसाठी ठेवावं लागतं आणि त्या भागासाठी जमिनीच्या किमतीला कमाल मर्यादा आहे. परवानगीमुळे वाढणारी किंमत मालकाच्या हातात पडण्याआधीच अडवायची, हे त्यामागचं गणित.

सिंगापूरने त्याहून थेट मार्ग घेतला. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचे व्यापक अधिकार दिले, आणि पुढे भरपाई १९७३ सालच्या भावाला बांधून ठेवली. बाजारभावाने भरपाई देणं २००७ मध्ये सुरू झालं, तोवर बेटावरची बहुतेक जमीन सरकारची झाली होती. एकाच पक्षाची अखंड सत्ता, लहान भूभाग, मालमत्तेच्या हक्कांबद्दलची निराळी समजूत हे सगळं जुळून आलं म्हणून ते झालं. म्हणून ‘सिंगापूर मॉडेल आणू’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: जमीन कोणत्या भावाने घेणार?

ज्यांना यातलं काहीच शक्य नसतं ते बंधन घालतात. फ्रान्सच्या २०००च्या एसआरयू कायद्याने ठरावीक आकाराच्या नागरी पालिकांना आपल्या हद्दीत २० टक्के, पुढे बहुतेक ठिकाणी २५ टक्के सामाजिक घरं ठेवायला लावलं. न ठेवल्यास दरवर्षी दंड. पॅरिसला खेटून असलेल्या नुयी-सूर-सेनसारख्या श्रीमंत पालिकांनी वर्षानुवर्षं दंड भरणं पसंत केलं. म्हणून कायद्याचा खरा दात दंडात नाही. अशा पालिकेतले बांधकाम परवान्याचे आणि जमीन आधी खरेदी करण्याचे अधिकार सरकारचा प्रतिनिधी स्वतःकडे घेऊ शकतो, तिथे तो आहे. अशा नियमांचा अभ्यास करताना दंडाची रक्कम शेवटी बघा. अधिकार कोणाकडे सरकतात ते आधी.

आता भाडं. ते ठरवायचे ढोबळ तीन मार्ग आहेत: खर्चावर, भाडेकरूच्या उत्पन्नावर किंवा घराच्या दर्जाला गुण देऊन. तिसरी पद्धत नेदरलँड्सची: क्षेत्रफळ, सोयी, ऊर्जेची श्रेणी ह्यांचे गुण मोजायचे आणि गुणांनुसार कमाल भाडं. ती समजायला सोपी आहे. झगडा पहिल्या दोघांत असतो, आणि अमेरिकेतलं अपयश नीट समजून घेतलं तर तो कळतो.

१९३७ च्या अमेरिकी कायद्यात केंद्र सरकार बांधकामाचं कर्ज फेडत असे आणि चालवण्याचा खर्च स्थानिक प्राधिकरणाने भाड्यातून काढायचा. सुरुवातीला भाडेकरू कमावते कामगार होते, म्हणून जमलं. युद्धानंतर ह्या वर्गाला स्वस्त गृहकर्जं मिळाली आणि ते, त्यांतही गोरे, उपनगरांत निघून गेले. प्राधिकरणांकडे उरली ती सर्वांत गरीब कुटुंबं. खर्च वाढत गेला, म्हणून भाडी वाढवली. काही कुटुंबांचं अर्ध्याहून जास्त उत्पन्न भाड्यात जाऊ लागलं. १९६९ मध्ये कायदा बदलून भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपुरतं बांधलं. पुढे ते ३० टक्के झालं. भाडेकरूंच्या दृष्टीने हे अगदी न्याय्य होतं. पण घटलेल्या भाड्याची भरपाई केंद्राने पुरती केली नाही. मग दुरुस्ती थांबली.

सेंट लुईसच्या प्रुइट-आयगोबद्दल अजून ‘उंच इमारतींमुळे बिघडलं’ असं लिहिलं जातं. ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं, आणि खर्च वाचवायला प्रत्येक मजल्यावर न थांबणाऱ्या लिफ्ट. ह्या काटकसरीने त्रास झालाच. पण सिंगापूरमध्ये त्याहून उंच इमारती कित्येक दशकं चालल्या आहेत. सेंट लुईस शहराची लोकसंख्या घटत होती, घरं रिकामी पडत होती, रिकाम्या घराचं भाडं येत नव्हतं आणि भाड्याखेरीज दुरुस्तीला दुसरा पैसा नव्हता. १९७२ पासून इमारती पाडायला सुरुवात झाली. पुढे १९९८ च्या कायद्याने प्राधिकरणांच्या सार्वजनिक घरांची संख्या १९९९ च्या पातळीवर गोठवली, आणि मदतीचा मुख्य भर व्हाउचरवर, म्हणजे खासगी घराचं भाडं भरायला मिळणाऱ्या सरकारी मदतीवर गेला. व्हाउचर मिळालेल्याला त्याचा चांगला उपयोग होतो. पण पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच कुठली ना कुठली मदत मिळते, कारण तिथे ही मदत हक्क नाही, अंदाजपत्रकात जेवढी तरतूद तेवढीच.

ह्यातून नियम असा निघतो: भाडं उत्पन्नावर बांधायला हरकत नाही, मात्र तूट कोण भरणार हे त्याच कायद्यात, त्याच कलमात असलं पाहिजे. ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क हे प्रश्न वेगळे ठेवतात. घराचं भाडं खर्चावर ठरतं. कोणाला ते परवडत नसेल तर त्या कुटुंबाला स्वतंत्र भत्ता मिळतो. इमारतीच्या हिशेबाला धक्का लागत नाही.

इंग्लंडमध्येही ह्याच खात्यात वरून हात घातला गेला. २०१६ पासून चार वर्षं सामाजिक भाडी दरवर्षी एक टक्क्याने कमी करायचा हुकूम निघाला. भाडेकरूंना तात्पुरता आराम मिळाला, सरकारचा भत्त्यावरचा खर्च वाचला. पण संस्थांनी तीस-तीस वर्षांच्या दुरुस्तीच्या योजना ज्या भाड्यावर आखल्या होत्या ते भाडंच घटलं. नेदरलँड्सने २०१३ ते २०२२ ह्या काळात संस्थांवर खास कर लावून एकेका वर्षी अब्जाहून जास्त युरो काढून घेतले, आणि मग नवी घरं का होत नाहीत म्हणून चर्चासत्रं घेतली. कर्ज फिटत आलेल्या घरांकडे भरल्या तिजोरीसारखं बघण्याचा मोह कुठल्याच अर्थमंत्र्याला आवरत नाही.

आणि इथेच तो तिसरा प्रश्न येतो. तीस-पस्तीस वर्षांनी कर्ज फिटतं. महागाईमुळे तोवर भाडं हप्त्यापेक्षा पुष्कळ वर गेलेलं असतं. आता प्रत्येक घर दरवर्षी शिल्लक टाकायला लागतं.

डेन्मार्कमध्ये कर्ज फिटल्यावर भाडं उतरत नाही. हप्त्याएवढी रक्कम भाडेकरू भरतच राहतो आणि ती शेवटी एका राष्ट्रीय निधीत व संस्थेच्या स्वतःच्या निधीत जमा होते. त्यातून जुन्या वसाहतींची मोठी दुरुस्ती होते आणि अडचणीतल्या वसाहतींना हात दिला जातो. कोपनहेगनमधल्या जुन्या इमारतीचा भाडेकरू दुसऱ्या गावातल्या इमारतीचं छप्पर बदलून देतो म्हणा ना. उभारणीच्या वेळी भाडेकरूंनी फक्त दोन टक्के, पालिकेने दहा टक्क्यांच्या आसपास भांडवल घालायचं आणि उरलेलं गहाण-कर्ज. मंडळांवर बहुमत भाडेकरूंचं असतं, म्हणून ‘आमचं कर्ज फिटलं, आता भाडं उतरवा’ अशी कुरकुरही असते. कायदा ती ऐकत नाही, म्हणून निधी टिकला आहे.

ऑस्ट्रियाच्या मर्यादित नफ्याच्या संस्थांत कर्ज फिटल्यावर भाडं कायद्याने ठरलेल्या मूळ दरावर उतरतं. जुन्या भाडेकरूला फायदा होतो, आणि तरीही संस्थेकडे थोडी शिल्लक उरते. तो नफा मालकांना जेमतेम मर्यादेपर्यंतच घेता येतो, बाकी घरबांधणीतच घालावा लागतो. शिवाय भाड्यात देखभालीचा वेगळा भाग असतो आणि इमारत जुनी होईल तसा तो वाढत जातो, ही बारीक पण फार शहाणपणाची तरतूद. घरात शिरताना भाडेकरू उभारणीतला आपला वाटा भरतो. सोडताना तो दर वर्षाला एक टक्का वजा करून परत मिळतो. जिथे काही वर्षांनी घर विकत घेण्याचा हक्क दिला आहे, तिथे मात्र हाही हौद गळतो.

जर्मनीत कर्ज फेडलं की बंधन संपतं आणि शिल्लक खासगी मालकाची. म्हणून तिथे दरवर्षी नवी सामाजिक घरं बांधूनही एकूण आकडा कित्येक दशकं घटत गेला. गळक्या बादलीत पाणी ओतल्यासारखं. त्यात १९९० मध्ये मर्यादित नफ्याच्या संस्थांना असलेली करसवलत रद्द झाली, आणि काही शहरांनी आपली घरं घाऊक विकली. ड्रेस्डेनने २००६ साली पालिकेची सुमारे ४८ हजार घरं एका परदेशी गुंतवणूकदाराला दिली आणि शहराचं कर्ज फेडलं. कर्ज एकदाच फिटलं, घरं कायमची गेली.

इंग्लंडचं तर उदाहरणच झालं आहे. १९८० च्या कायद्याने तीन वर्षं राहिलेल्या भाडेकरूला किमान ३३ टक्के सवलतीत घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. वास्तव्य वाढलं की सवलत वाढे. फ्लॅटला पुढे ७० टक्क्यांपर्यंत गेली. वीसेक लाख घरं गेली. विकत घेतलेल्यांचं भलं झालं हे कबूल करायला हवं, आणि तो राजकीयदृष्ट्या विलक्षण लोकप्रिय निर्णय होता. खरी गफलत दुसऱ्या बाजूला झाली. विक्रीतून आलेला पैसा नव्या घरांत घालायला पालिकांना मोकळीक नव्हती. बराचसा कर्जफेडीत किंवा केंद्राकडे गेला. चांगली, बैठी, बागेची घरं आधी विकली गेली आणि पालिकांकडे उरले अवघड इमारतींतले फ्लॅट. विकलेल्यांतले कित्येक आज खासगी मालक भाड्याने देतात, आणि त्या भाडेकरूचा भत्ता सरकार भरतं, म्हणजे एकाच घरासाठी दोनदा. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क बंद केला.

सिंगापूरचा हिशेब शेवटी येतो, कारण तिथे हा प्रश्न अजून पुरता आलेलाच नाही. एचडीबी नवी घरं बाजारापेक्षा कमी भावात विकते आणि दरवर्षीची तूट सरकार भरून देतं. पाच वर्षं राहिल्यावर मालकाला ते घर खुल्या भावाने विकता येतं. चांगल्या ठिकाणच्या नव्या घरांना आता दहा वर्षं आणि विकताना सवलतीचा काही भाग परत. म्हणजे अनुदानाचा फायदा पहिल्या खरेदीदाराच्या पदरात पडतो आणि पुढच्या पिढीसाठी पुन्हा नव्याने अनुदान लागतं. ९९ वर्षं संपली की घर एचडीबीकडे, भरपाई नाही. चाळीस-पन्नास वर्षं झालेल्या पट्ट्यांच्या किमतीवर त्याची छाया पडते आहे. जुन्या इमारती आधीच पाडून मालकांना नवं घर देण्याची योजना आहे खरी, पण सरकारच्याच सांगण्यानुसार ती पाचेक टक्के घरांनाच लागू पडते.

प्रवेश कोणाला, ह्याबद्दल थोडक्यातच. व्हिएन्नात उत्पन्नाची मर्यादा इतकी वर आहे की बहुसंख्य लोक पात्र ठरतात, आणि ती घर मिळतानाच तपासतात. त्यामुळे वस्तीत शिक्षक, बसचालक, पेन्शनर, सगळे असतात, भाडं वेळेवर येतं आणि ‘गरिबांची चाळ’ असा शिक्का बसत नाही. किंमत अशी की नव्याने शहरात आलेल्याला दोन वर्षांच्या वास्तव्याची अट पूर्ण होईतो खासगी बाजारात मुदतीच्या करारावर दिवस काढावे लागतात. डेन्मार्कमध्ये यादी सर्वांना खुली असते, आणि पालिकेला रिकाम्या होणाऱ्या घरांपैकी चारातलं एक तातडीच्या गरजूंना देता येतं. मला हा तोल जास्त पटतो. सिंगापूरमध्ये १९८९ पासून प्रत्येक इमारतीत वांशिक गटांचं कमाल प्रमाण ठरलेलं आहे. वस्त्या मिसळल्या, पण अल्पसंख्याक विक्रेत्याला गिऱ्हाईक कमी मिळतं.

जिथे भाड्याची घरं न ठेवता थेट मालकीचं छोटं घर दिलं, तिथे वेगळीच चूक झाली. चिलीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून बचत, अनुदान आणि कर्ज अशी जोडणी करून खासगी कंत्राटदारांकडून लाखो घरं बांधून घेतली. अनुदान ठरावीक, म्हणून कंत्राटदार सर्वांत स्वस्त जमीन शोधणार, आणि ती शहराच्या टोकाला. सँटियागोच्या दक्षिणेकडच्या बाहोस दे मेनामध्ये हजारो कुटुंबं नोकरी, दवाखाना, बस ह्यांपासून दूर जाऊन पडली, आणि काही इमारती सरकारला परत विकत घेऊन पाडाव्या लागल्या. दक्षिण आफ्रिकेने १९९४ नंतर तीसेक लाख घरं दिली, मेक्सिकोनेही दोन हजारच्या दशकात धडाक्याने कर्जं वाटली. दोन्हीकडे लांबच्या जमिनीने घात केला. मेक्सिकोत लाखो घरं रिकामी पडली. वाचलेला जमिनीचा पैसा रहिवासी रोज बसभाड्यात भरतो.

म्हणून तुमचा तक्ता असा करा. प्रत्येक देशासाठी एका खऱ्या इमारतीची पानं मिळवा, राष्ट्रीय सरासरी नको. त्या इमारतीची जमीन कोणत्या भावाने आली, कर्ज किती टक्क्यांनी, किती वर्षांचं, मोठ्या दुरुस्तीला दरसाल किती बाजूला पडतं आणि ते खातं दुसऱ्या कामाला वापरता येतं का, भाडं कोण बदलू शकतं, आणि बंधन कधी संपतं. भाड्याची तुलना करताना त्यात गरम पाणी, हीटिंग, सफाई धरली आहे की नाही ते आधी बघा. युरोपातल्या देशांत हे सरसकट वेगळं असतं. जुन्या आणि नव्या भाडेकरूचं भाडं वेगळ्या रकान्यांत लिहा. प्रतीक्षा यादीचा आकडा मात्र फारसा मनावर घेऊ नका: कुठे वय वर्षं अठरा झालं की लोक सवयीने नाव घालून ठेवतात, कुठे यादीच बंद करून ठेवतात.

उचलण्यासारखं काय, ह्याचं उत्तर तुमच्याकडे आज काय आहे त्यावर ठरतं. पुष्कळ जुनी घरं आधीच सार्वजनिक मालकीची असतील तर डेन्मार्कचा निधी. ती विकायचा मोह टाळून त्यांचंच भाडं पुढच्या घरांत वळवता येतं. घरं नाहीत पण विश्वासू सहकारी किंवा धर्मादाय संस्था आहेत, तर ऑस्ट्रियाचा नफ्याला लगाम घालणारा कायदा. दोन्ही नसेल तर अमेरिकेतल्याच मेरिलंडच्या माँटगोमेरी काउंटीने २०२१ मध्ये केलेली छोटी सोय बघा. एक फिरता निधी. तो बांधकामाच्या काळात खासगी गुंतवणूकदाराच्या जागी स्वस्त पैसा घालतो, इमारत भरली की नेहमीचं कर्ज काढून तो पैसा परत घेतो आणि पुढच्या इमारतीत घालतो. मालकी सार्वजनिक गृहनिर्माण आयोगाकडेच राहते. मात्र अशा इमारतीत मर्यादित भाड्याची घरं तीसेक टक्केच बसतात आणि ती अगदी गरीब कुटुंबाला परवडत नाहीत. त्यांच्यासाठी भाड्याचा भत्ता वेगळा, स्वतंत्र तरतुदीतून काढावा लागेल.